वहीतले एक नाव



जून महिना सुरू झाला, की प्रवेशाच्या गर्दीत एखादे वयस्क गृहस्थ शाळेच्या कचेरीच्या दारात घुटमळताना दिसतात. त्यांना प्रवेश नको असतो; त्यांना एक जुनी नोंद हवी असते. "माझे वालिद याच शाळेत शिकले. साल नक्की आठवत नाही, पण पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान असावे. नाव इब्राहीम." लेखनिक कपाटातून जनरल रजिस्टर काढतात, फडक्याने धूळ झटकतात आणि पाने उलटू लागतात. इब्राहीम सापडतो, एक नव्हे, अकरा सापडतात. कोठे 'इब्राहिम', कोठे 'इब्रम', कोठे नुसते 'इब्रा.' असे लिहिलेले. कोणाच्या पुढे वडिलांचे नाव आहे, कोणाच्या पुढे आडनावच नाही. तास दोन तास जातात. कधी नोंद मिळते आणि त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी येते. कधी मिळत नाही आणि ते काही न बोलता जिना उतरतात. शाळेच्या कचेरीत हे दृश्य प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे.

यादीत नाव असणे आणि ते नाव हवे तेव्हा सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठ्या याद्यांतून नेमके ते शोधून काढण्याची विद्या आज संगणकाची म्हणून ओळखली जाते. परंतु तिचा इतिहास संगणकाहून फार जुना आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्या याच मुंबईत, मांडवी, भायखळा, मदनपुरा, परळ, लालबाग या वस्त्यांत लिहिली गेली आहेत. तो इतिहास आपणांपुढे ठेवावा आणि त्यातून आपल्या घरासाठी व मुलांसाठी काय बोध घ्यावा ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शोधणे आणि चाळणे

प्रथम दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. तांदळाच्या डब्यात पडलेली अंगठी आपण शोधतो. तांदूळ मात्र आपण चाळतो आणि निवडतो. शोधताना आपणांस एकच वस्तू हवी असते. चाळताना आपण एक अट घालतो, तीत बसणारे सर्व एका बाजूस घेतो आणि बाकीचे सोडून देतो. नोंदींचेही असेच आहे. 'इब्राहीम वल्द हसन याची नोंद दाखवा' हा शोध झाला. '१९५५ साली पाचवीत दाखल झालेल्या, रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या सर्व मुली दाखवा' ही चाळणी झाली.

या दोहोंसाठी वहीत ओळी आणि रकाने लागतात. एक ओळ म्हणजे एक माणूस. एक रकाना म्हणजे त्या माणसाबद्दलचा एक प्रश्न. ज्या प्रश्नाचा रकाना वहीत नाही, त्या प्रश्नाचे उत्तर ती वही कधीही देऊ शकत नाही, मग शोधणारा कितीही हुशार असो.

नोंदींचा क्रम हीदेखील मोठी गोष्ट आहे. शाळेचे रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने लिहिलेले असते. त्यात वीस हजार नावे असतील आणि साल ठाऊक नसेल, तर वीस हजार ओळी वाचण्याची तयारी ठेवावी लागते. हीच नावे वर्णानुक्रमाने लावली तर? मधले पान उघडा. हवे ते नाव त्याच्या आधी येते की नंतर, ते पाहा. अर्धी वही बाजूला झाली. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा मधले पान उघडा. असे अर्धे अर्धे करीत गेल्यास वीस हजारांतले एक नाव जास्तीत जास्त पंधरा वेळा पाहून हाती लागते. विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. वीस हजारास दोनाने किती वेळा भाग जातो एवढेच त्यात आहे.

आपल्या पूर्वजांना ही विद्या चांगली अवगत होती. इमाम बुखारी (८१० ते ८७०) यांनी हदीस कथन करणाऱ्या रावींची माहिती 'अत्-तारीख अल्-कबीर' या ग्रंथात वर्णानुक्रमे लावली. आदरापोटी आरंभी मात्र मुहम्मद नावाचे रावी घेतले. बगदादच्या इब्न अन्-नदीम यांनी दहाव्या शतकात 'अल्-फिहरिस्त' हा आपणांस ठाऊक असलेल्या अरबी ग्रंथांची विषयवार सूची देणारा ग्रंथ रचला. रावींच्या बाबतीत पेच असा होता, की एकाच नावाची माणसे पुष्कळ. त्यांतला विश्वासार्ह कोण आणि दुर्बल कोण, हे ठरविण्यावर हदीसची प्रामाणिकता अवलंबून. म्हणून केवळ नावावर न थांबता वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, कुन्यत, गावावरून किंवा कबिल्यावरून पडलेली निस्बत, गुरू आणि शिष्य या साऱ्यांची नोंद करण्यात आली. एका रकान्याने दोन माणसे वेगळी होत नसतील तर दुसरा रकाना लावा, तोही पुरेना तर तिसरा लावा, हे तत्त्व त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी आचरणात आणले होते. आमच्या कचेरीतल्या त्या अकरा इब्राहीमांनाही औषध तेच आहे.

साथीच्या दिवसांतील मृत्यूच्या वह्या

आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग. तेथून साथ शहरभर पसरली आणि लोक आगगाडीने व आगबोटीने गावाकडे पळू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. त्यानंतर घरांची झडती, रोग्याला उचलून इस्पितळात नेणे, घरच्या मंडळींना छावणीत ठेवणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले.

याचा परिणाम नोंदवह्यांवर काय झाला तो पाहण्यासारखा आहे. घरात प्लेगचा मृत्यू झाला असे सांगितले, की झडती आणि छावणी ठरलेली. म्हणून लोक रोगी लपवू लागले आणि मृत्यूचे कारण दुसरेच सांगू लागले. वहीत 'ताप' लिहिला गेला, श्वासाचा विकार लिहिला गेला. प्लेगचा रकाना तेवढा चाळून पाहणाऱ्यास साथ प्रत्यक्षाहून लहान दिसली असती. परंतु माणूस मेला ही गोष्ट लपविणे कठीण होते, कारण मयत कबरस्तानात किंवा स्मशानात न्यावीच लागे. तेव्हा आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी कारणाच्या रकान्यावर विसंबणे सोडून एकूण मृत्यूंची बेरीज घेतली आणि मागील वर्षांतील त्याच आठवड्यांच्या सरासरीशी ती ताडून पाहिली. सरासरीपेक्षा जी वाढ दिसली तीत साथीचा खरा आकार होता. एक रकाना खोटे बोलत होता, दुसरा खरे सांगत होता. कोणता रकाना कोणत्या भीतीपोटी भरला गेला आहे हे ज्याला कळले, त्याला सत्य गवसले. अलीकडच्या कोरोनाच्या साथीतही मृत्यूंचा खरा अंदाज घेण्यासाठी जगभरच्या अभ्यासकांनी हीच रीत वापरली.

या भीतीची एक दुःखद खूण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. ९ मार्च १८९८ रोजी जुलाह्यांच्या, म्हणजे मोमीन विणकरांच्या, वस्तीत एका आजारी मुलीला इस्पितळात नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी विरोध केला, जमाव जमला, दंगल उसळली आणि माणसे मेली. दोष कोणाचा यावर येथे चर्चा करावयाची नाही. परंतु नोंद करणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसेल तर वहीत खरे उतरत नाही, आणि वहीत खरे नसेल तर उपायही चुकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

खोजा जमातीच्या याद्या आणि परळची बाटली

त्याच काळात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांपैकी काहींना लस टोचली, काहींना टोचली नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडले ते मोजले. एक अट, दोन ढीग आणि मग तुलना. चाळणीचे हे शुद्ध रूप होय.

तुरुंगाची भिंत असल्यामुळे तेथे मोजणी सोपी होती. शहरात ती कशी करावी? येथे खोजा जमात पुढे आली. तिसरे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शहा, त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचे तरुण होते. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपला खुशरू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि जमातीत लस घेण्याचा प्रसार केला. खोजा समाज सुसंघटित असल्याने लस घेतलेले किती, न घेतलेले किती आणि दोहोंत मृत्यू किती, हे पडताळून पाहणे शक्य झाले. लस घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. लस टोचलेल्यांची यादी एकीकडे आणि मृतांची यादी दुसरीकडे ठेवून नावास नाव जुळविणे किती चिकाटीचे काम आहे, याची कल्पना आमच्या कचेरीतील लेखनिकांना चटकन येईल. आज दोन तक्ते एकमेकांस जोडणे असे ज्याला म्हणतात, ते काम जमातीने असे हाताने करून दाखविले.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. तेथून बाटल्या भरभरून लस देशभर जाऊ लागली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एक भयंकर घटना घडली. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

वाचकहो, या ठिकाणी एका रकान्याने काय केले ते पाहा. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, याची नोंद झालेली होती. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. मेलेले एकोणीसच्या एकोणीस जण एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतले निघाले. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. म्हणजे दोष साऱ्या लशीचा नव्हता, एका बाटलीचा होता. मग प्रश्न उरला तो बाटली परळला बिघडली की मुलकोवालला? बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही गोष्ट चौकशीच्या कागदांत होती. ते कागद पुन्हा तपासले गेले, सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठविला आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षे गेली होती. बाटलीच्या क्रमांकाचा रकाना कोणी कंटाळून रिकामा सोडला असता, तर एका निरपराध माणसावरचा डाग कधीच पुसला गेला नसता, आणि लाखोंचे प्राण वाचविणाऱ्या लशीवरचा विश्वासही गेला असता.

रंगीत चिठ्ठ्यांची खानेसुमारी

१ मार्च १९०१ रोजी देशाची खानेसुमारी झाली. मुंबई शहराची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८,२१,७६४ होती. साथीने शहर कसे ओसाड केले होते ते या दोन आकड्यांत दिसते.

या खानेसुमारीत हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत आली. पूर्वी मोठ्या तक्त्यांवर खुणा करीत बेरजा करीत असत. एक प्रश्न बदलला की सारे पुन्हा. आता प्रत्येक माणसाची माहिती एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरविण्यात आली. धर्म चिठ्ठीच्या रंगावरून ओळखू यावा आणि स्त्री की पुरुष ते तिच्यावरील खुणेवरून कळावे, अशी योजना होती. मग कारकून त्या चिठ्ठ्या लाकडी खणांत टाकीत. एकदा वयाप्रमाणे वाटायच्या, मोजायच्या, पुन्हा एकत्र करून धंद्याप्रमाणे वाटायच्या, मोजायच्या, पुन्हा जन्मस्थानाप्रमाणे. एकच गठ्ठा, परंतु हव्या तितक्या चाळण्या.

या चाळण्यांनीच आपणांस सांगितले, की मुंबई ही बाहेरून आलेल्यांची नगरी आहे. १९११ साली तर येथेच जन्मलेले लोक पाचांत सुमारे एक एवढेच होते, आणि बाहेरच्यांत सर्वाधिक भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारे हात आणि गोदीवर व आगबोटींवर काम करणारे आपले कोकणी बांधव या आकड्यात आहेत.

पण या कथेस एक दुसरी बाजू आहे. बेरजा छापल्या गेल्या आणि मूळ कागद नष्ट करण्यात आले. इंग्लंडात १९०१ च्या खानेसुमारीची मूळ पाने जपून ठेवली गेली आणि शंभर वर्षांनी, २००२ च्या जानेवारीत, ती सर्वांना खुली झाली. तेथला कोणीही आपल्या पणजोबांचे नाव, घर आणि धंदा त्यात पाहू शकतो. आपल्या पणजोबांची चिठ्ठी मात्र कोणत्याही संगणकाला सापडणार नाही. मुंबईच्या पावणेआठ लाखांत ते मोजले गेले, पण नावाने उरले नाहीत.

मग सामान्य माणसाचे नाव उरते कोठे? ते उरते लहान वह्यांत. शाळेच्या जनरल रजिस्टरात, निकाहाच्या दफ्तरात, कबरस्तानच्या वहीत, नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, गिरणीच्या मस्टरवर. मोठे तक्ते समाजाची मोजणी करतात. माणसाचे नाव लहान वहीच सांभाळते.

यंत्र आले, प्रश्न तोच

अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या खानेसुमारीसाठी भोके पाडलेल्या पत्त्यांचे यंत्र आणले. चिठ्ठीच्या रंगाचे काम भोकाने आणि लाकडी खणाचे काम विजेने केले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशात घडविलेला संगणक कार्यान्वित झाला. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी ओळी व रकाने यांच्या तक्त्यांतून माहिती मिळविण्याचे गणिती नियम मांडले आणि आजच्या बँका, रेल्वे, शिधापत्रिका यांचे सारे व्यवहार त्याच पायावर उभे आहेत.

यंत्र दमत नाही आणि क्षणात लाख ओळी पाहते. पण ते अक्षर पाहते, माणूस पाहत नाही. मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि मोहं. हे आपल्या कानाला एकच नाव. यंत्राला ही चार माणसे. उच्चारावरून नावे जुळविण्याची युक्ती अमेरिकेत १९१८ सालीच निघाली होती, परंतु ती इंग्रजी नावांसाठी. आपले नाव उर्दूत एक, मराठीत दुसरे आणि इंग्रजीत तिसरे होऊन बसते.

याचा चटका परळ-लालबागच्या घरांना पुष्कळ बसला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नंतर गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली आणि २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. अट अशी, की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीत कामावर असला पाहिजे. एक तारीख, एक चाळणी. पण ती पार करण्यास कागद हवा: गिरणीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, रजेची नोंद. गिरणीतल्या मस्टरवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, मुलाच्या दाखल्यावर तिसरे, असे ज्यांचे झाले, त्या वारसांना आयुष्यभर राबलेल्या बापाचे राबणे सिद्ध करीत फिरावे लागले. मदनपुऱ्यातील विणकरांची मुले त्यांत आहेत आणि लालबागच्या चाळींतली मुलेही आहेत. चाळणीला जातधर्म नसतो; तिला अक्षर तेवढे कळते.

आपल्या समाजापुरता आणखी एक रकाना आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते आणि त्यापूर्वीचा पुरावा मागितला जातो. आपल्यातील मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार यांसारख्या अनेक बिरादऱ्यांना या सवलती लागू आहेत. पण जुने रजिस्टर उघडावे, तर जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असते. त्या काळी भरती करणाऱ्या मास्तरांना ते पुरेसे वाटले, वडिलांनी हरकत घेतली नाही. पन्नास वर्षांनी नातू वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्या एका शब्दाची किंमत कळते.

आकडे चाळण्याचे शहाणपण

चाळणी आपण स्वतःही लावावयास शिकले पाहिजे. २००१ च्या खानेसुमारीत साक्षरतेचे आकडे धर्मवार प्रसिद्ध झाले आणि २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने त्यांचा उपयोग केला. देशभरच्या मुसलमानांत साक्षरता ५९.१ टक्के, तर एकंदर देशात सुमारे ६५ टक्के. हे पाहून कोणीही म्हणेल, आपण मागे आहोत. आता 'महाराष्ट्र' ही एक अट वाढवा. येथे मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के आणि राज्याची ७६.९. चित्र पालटले! पण येथेच थांबून पाठ थोपटून घेऊ नका. आणखी एक अट लावा: पदवीपर्यंत पोचलेले किती? तेथे आपले प्रमाण पुन्हा बरेच खाली घसरते. अक्षरओळख झाली, पण माध्यमिक शाळा संपता संपता मुले गळाली. देशाचा आकडा पाहून निराश होणारा आणि राज्याचा आकडा पाहून संतुष्ट होणारा, दोघेही अर्धेच पाहतात. १८७४ साली ज्या धुरिणांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, त्यांना समाजाची शाळेतली अनुपस्थिती दिसली होती. ती आज कोणत्या इयत्तेपाशी दिसते, हे शोधणे आपले काम आहे.

घरी करावयाची कामे

असो. एवढ्या इतिहासातून पालकांनी काही साध्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

मुलाचे नाव जन्माच्या नोंदीत घालतानाच मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग ठरवून एका कागदावर लिहावे आणि शाळा, आधार, बँक, सर्वत्र तेच ठेवावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्माचा दाखला हाच अनेक कामांसाठी एकमेव आधार धरण्याची तरतूद झाली आहे, म्हणून त्यातील चूक पुढे प्रत्येक ठिकाणी पाठलाग करील. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत आला आहे. थोरल्या आणि धाकट्या भावंडांचे दाखले यामुळे निराळे दिसतील, ते समजून असावे.

प्रवेशाच्या अर्जातील कोणताही रकाना 'नंतर भरू' म्हणून सोडू नये. रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे; त्याचा अर्थ कोणालाच कळत नाही. शाळेत भरलेली नोंद एकदा डोळ्यांखालून घालावी आणि चूक असल्यास मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर दुरुस्तीचा रस्ता लांब आणि खर्चाचा होतो.

घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांचे पूर्ण नाव, गाव, शाळा, शाळेचे साल आणि कामाचे ठिकाण विचारून घ्यावे. साल ठाऊक असले तर वीस हजारांतली शोधाशोध दोनशेंवर येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही संगणकावर तक्ते करावयास शिकत आहातच. जमातीच्या कबरस्तानची वही, निकाहाचे दफ्तर, शाळेची जुनी रजिस्टरे यांची सूची तयार करण्यास वडीलधाऱ्यांच्या परवानगीने हात लावा. मूळ शब्द जसा आहे तसाच उतरवा, आणि शुद्ध रूप शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहा. मूळ नोंद कधीही बदलू नका. जिवंत माणसांची खाजगी माहिती चव्हाट्यावर आणू नका. १८९८ ची भीती आठवा: विश्वास गेला की वही खोटी होते.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत ही नमाजाविषयी किंवा रोजाविषयी नाही. ती कर्जाचा व्यवहार लहान असो वा मोठा, साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे तीत बजावले आहे. नोंद ही अमानत आहे. मुलकोवालच्या नोंदीत बाटलीचा क्रमांक टिपणारा तो अनाम लेखनिक आणि आमच्या कचेरीतील रजिस्टरात 'इब्राहीम वल्द हसन, राहणार डोंगरी' असे सुवाच्य अक्षरात लिहून गेलेले कोणी मास्तर, दोघांनीही ती अमानत सांभाळली. त्या दिवशी अकरावा इब्राहीम तोच निघाला. नातवाचा अर्ज वेळेत गेला.